पावाचा तुकडा, दुधाचा डबा आणि हस्तलिखित अंक

गेल्या महिन्यात नववीच्या तासाला मी दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांचा विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपण इथे लढायला आणि जिंकायला शिकतो. मग पकडले गेलेल्यांचा धडा कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मला चटकन उत्तर सुचले नाही आणि तेवढ्यात घंटा झाली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

उदाहरणासाठी मी वेल्सचे सैनिक घेतो. वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा छोटा, डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा प्रदेश. त्याची स्वतःची वेल्श भाषा आहे. १९३१ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे ९ लाख होते. ब्रिटिश सैन्यातून लढताना वेल्सचे अनेक जवान शत्रूच्या हाती लागले.

जर्मनीत एल्ब नदीजवळ, म्यूलबर्ग गावापाशी 'स्टालाग ४-बी' ही फार मोठी छावणी होती. स्टालाग म्हणजे अधिकारी नसलेल्या सैनिकांची छावणी. तिथे कैद्याला क्रमांक कोरलेली धातूची पट्टी मिळे. पट्टीच्या मधोमध भोकांची रांग असे. कैदी मेला तर अर्धी पट्टी तोडून घेता यावी, म्हणून ती सोय.

दिवस हजेरीने सुरू होई. पाऊस असो वा बर्फ, रांगेत उभे राहायचे आणि मोजणी जुळेपर्यंत हलायचे नाही. जेवण म्हणजे पातळ सूप, थोडे बटाटे आणि काळा पाव. एक पाव अनेकांत वाटावा लागे. भुकेल्या माणसांत भांडण पेटायला एवढे पुरे असते. म्हणून कैद्यांनी आपणच एक नियम पाळला. जो पाव कापेल, त्याने आपला तुकडा सर्वांत शेवटी उचलायचा.

मी हा प्रयोग वर्गात केला. सात कॅडेटना एक पाव दिला. पहिल्यांदा नुसता आरडाओरडा झाला. मग नियम सांगितला, तर कापणाऱ्याने आधी फूटपट्टी मागितली!

या जेवणाला आधार होता रेड क्रॉसच्या पार्सलांचा. एका पार्सलचे वजन साधारण पाच किलो. त्यात दूधभुकटी, मांसाचे डबे, बिस्किटे, साखर, चॉकलेट असे जिन्नस असत. दर माणशी आठवड्याला एक पार्सल असा हिशेब होता. पण पुष्कळदा ते उशिरा येई किंवा वाटून घ्यावे लागे. कॅनडाच्या पार्सलात 'क्लिम' नावाची दूधभुकटी असे. 'मिल्क' शब्दाची इंग्रजी अक्षरे उलट लिहिली की हे नाव होते. भुकटी संपली तरी डबा कोणी फेकत नसे. त्या पत्र्यातून मग, ताटल्या आणि हाताने पंखा फिरवायच्या छोट्या शेगड्या बनत. लाकडाच्या चार ढलप्यांवर त्या शेगडीवर चहाचे पाणी उकळे.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. स्टालाग ४-बी मधल्या वेल्श कैद्यांनी जुलै १९४३ ते डिसेंबर १९४४ या काळात 'कम्रो' नावाचे मासिक काढले. कम्रो म्हणजे वेल्श माणूस. विल्यम जॉन पिट हे त्याचे संपादक. छापखाना नव्हता, म्हणून अंक हाताने लिहिलेला आणि रंगीत चित्रांनी सजवलेला असे. प्रती मोजक्याच निघत आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात. त्याच छावणीत मोटारींच्या शौकिनांनीही एक हस्तलिखित मासिक चालवले होते. त्याची शाई दवाखान्यातल्या क्विनाइनपासून केलेली आणि चित्रे चिकटवायला आंबवलेले बाजरीवर्गीय धान्याचे सूप! 'कम्रो'चे अंक आज अ‍ॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहेत.

जिनिव्हाहून वायएमसीए ही संस्था कैद्यांसाठी कोऱ्या पानांची जाड वही पाठवी. कैदी तिच्यात सोबत्यांचे पत्ते लिहीत, बराकीची चित्रे काढीत, घरी गेल्यावर काय खायचे याच्या याद्या करीत. अशा वह्या, क्रमांकाच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या वस्तू कैद्यांनी सुटकेनंतर घरी नेल्या. २३ एप्रिल १९४५ रोजी रशियन सैन्य आले आणि स्टालाग ४-बी मोकळी झाली.

सगळीकडे मात्र असे नव्हते. दक्षिण वेल्समधील एक विमानविरोधी तोफखाना रेजिमेंट मार्च १९४२ मध्ये जावा बेटावर जपान्यांच्या हाती लागली. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. उपासमार, रोगराई आणि मारहाण यांत तिथल्या छावण्यांत हजारो माणसे गेली. तिथे रोजनिशी ठेवणे हाच गुन्हा होता. तरीही काहींनी ती लपवून ठेवली. याच रेजिमेंटमधला विल्फ वूलर हा वेल्सचा नामांकित रग्बीपटू सिंगापूरच्या चांगी छावणीत होता. तो जगून परतला आणि १९४८ साली त्याच्या नेतृत्वाखाली ग्लॅमॉर्गन संघाने इंग्लंडची काउंटी क्रिकेट स्पर्धा प्रथमच जिंकली.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येतो. पकडले जाणे हा आनंदाचा प्रसंग नव्हे. ते मी लपवणार नाही. पण पकडल्यावर सैनिकाचे शस्त्र जाते, स्वातंत्र्य जाते. त्याच्याजवळ उरतात त्या सवयी. वेळेवर उभे राहणे, वाटणी सरळ करणे, हाती असेल त्यातून वस्तू घडवणे, आपल्या भाषेत चार ओळी लिहिणे. या सवयी छावणीत गेल्यावर लागत नाहीत, त्या आधीपासून अंगात असाव्या लागतात. पहाटेची फॉलिन आणि मेसमधली वाटणी तुम्हाला कंटाळवाणी वाटते, तेव्हा हे आठवा.

कायदाही लक्षात ठेवा. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. त्याच्या अभ्यासाला व खेळाला उत्तेजन देणे हे पकडणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपल्या देशाने या करारांसाठी १९६० साली स्वतंत्र कायदा केला. उद्या तुमच्या ताब्यात कोणी कैदी आला, तर हेच नियम तुम्हालाही बांधून ठेवतील.

पालकांना एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांची फौजेतली पत्रे, बिल्ले, फोटो असतील, तर ते ट्रंकेतून बाहेर काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. ते सांगणारे माणूस घरात आहे तोवरच हे काम होते.

आणि कॅडेट मित्रांनो, सुट्टीत एवढे करा. अशी एक वस्तू शोधा, घरच्यांकडून तिची हकीकत ऐका आणि एक पानभर मराठीत लिहून आणा. हाताने लिहा. शाई तर तुम्हाला दुकानात मिळते!