जपानी बाग आणि दगड मांडणारे हात

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुले येतात. गुलाबाचे ताटवे, मधोमध कारंजे, कडेने कातरलेली मेंदी. जपानी बागेत मात्र फुलाचा मान दगडानंतर. अकराव्या शतकातील ‘साकुतेइकी’ हा बागरचनेवरील जपानमधला सर्वांत जुना ग्रंथ होय. ताचिबाना नो तोशित्सुना या सरदाराने तो लिहिला असे मानतात. त्यात बाग करण्याला ‘दगड उभे करणे’ असाच शब्दप्रयोग आहे!

आधी मुख्य दगड बसवावा आणि पुढचे दगड त्याच्या मागणीप्रमाणे बसवावेत, असे ग्रंथकार सांगतो. दगडालाही इच्छा असते असे धरून चालणारी ही विद्या आहे. एखादा दगड पळत असल्यासारखा दिसला, तर त्याचा पाठलाग करणारे दगड हवेत. कललेल्या दगडाला आधाराचा दगड हवा. डोंगरात जो आडवा पडला होता, त्याला बागेत उभा करू नये. हे वाचताना मला काही परके वाटले नाही. माझे वडील गवंडीकाम करतात. दगड हाती आला की ते तो आधी फिरवून त्याचे तोंड कोणते ते पाहतात, मगच थरात बसवतात. त्यांनी ‘साकुतेइकी’ कोठून वाचावा?

दुसरे तत्त्व रिकाम्या जागेचे. क्योतो येथील र्‍योआन्‌जी मंदिरातील बाग सुमारे 25 मीटर लांब व 10 मीटर रुंद आहे. तीत झाड नाही, पाणी नाही. दाताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी आणि तीवर पाच गटांत मांडलेले 15 दगड, त्यांच्या बुडाशी थोडे शेवाळ, एवढेच. ओसरीवर कोठेही बसा, 15 पैकी एक तरी दगड दुसऱ्याआड जातो. कोणी म्हणतात हा समुद्र व ही बेटे, कोणी म्हणतात ही नदी ओलांडणारी वाघीण व तिची पिल्ले. मला वाटते, अर्थ नक्की न करणे हाच येथला बेत असावा.

तिसरे तत्त्व ‘शाक्केइ’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य. क्योतोच्याच एन्त्सूजी मंदिरात बुटक्या कुंपणापलीकडे झाडांची खोडे आणि त्यांमधून दूरचा हिएइ पर्वत दिसतो. पर्वत मंदिराच्या मालकीचा नाही, पण त्याच्यावाचून बाग अपुरी आहे. साहजिकच मध्ये उंच इमारत आली की बाग मोडली. म्हणून क्योतो नगरपालिकेने 2007 साली अशी दृश्ये जपण्यासाठी बांधकामाच्या उंचीवर बंधने घातली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर पु. ल. देशपांडे उद्यान झाले आहे. तेथे गेलात तर पाण्याकडे पाहून झाल्यावर जरा मान वर करून पर्वतीकडेही पाहावे.

या साऱ्या तत्त्वांचे श्रेय पुस्तकांतून बहुधा झेन पंथास दिले जाते. ते सर्वस्वी चूक नाही. र्‍योआन्‌जी हे झेन मंदिरच आहे. परंतु ‘साकुतेइकी’ लिहिला गेला तेव्हा झेन पंथाने जपानमध्ये मूळही धरले नव्हते. शिवाय चिंतन करणारा भिक्षू आणि दगड हलवणारा माणूस बहुतेक वेळा एक नव्हते. पंधराव्या शतकात हे काम ‘कावारामोनो’ करीत. या शब्दाचा अर्थ नदीकाठची माणसे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे त्यांच्याकडे असल्याने त्यांना अपवित्र मानीत. आपल्याकडील वाचकास याचा अधिक खुलासा नको.

त्यांच्यातीलच झेनआमी हा आपल्या काळातला सर्वांत नावाजलेला बाग रचणारा ठरला. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासा याची त्याच्यावर मर्जी होती. तो आजारी पडला तेव्हा शोगुनने औषध पाठवले. 1482 साली तो वारला. त्याचा नातू माताशिरो हाही याच कामातला. 1489 मधील एका मंदिराच्या रोजनिशीत त्याचे बोलणे नोंदलेले आहे. खाटकाच्या घरी जन्म झाल्याचे दुःख तो सांगतो, आणि म्हणून आपण जीवहत्या करणार नाही, हाव धरणार नाही, असा निश्चय केल्याचेही सांगतो. शोगुनच्या अंगणात मान मिळालेल्या घराण्याच्या तिसऱ्या पिढीला अजून जन्माचा खुलासा करावा लागत होता! तत्त्वज्ञानावरील पानांपेक्षा या नोंदीपाशी मी अधिक वेळ थांबलो.

र्‍योआन्‌जीची बाग कोणी रचली याविषयी विद्वानांत एकमत नाही. मोठमोठ्या कलावंतांची नावे घेतली जातात. बागेतच मात्र, भिंतीलगतच्या एका दगडावर, दोन नावे कोरलेली आहेत. त्यांतील एक ‘कोतारो’ असे वाचतात. ही नावे कावारामोनोंची असावीत असा तर्क आहे. ती दगडाच्या मागच्या अंगास आहेत. ओसरीवर बसणाऱ्यास दिसत नाहीत.