सात वाजता फोन कुठे असतो?



मागच्या महिन्यात एका रात्री ११ वाजून २० मिनिटांनी सामरवरणीच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा नववीत. गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो म्हणून फोन द्यावाच लागतो. एकदा दिला की दीड-दोन तास परत मिळत नाही आणि मागितला की पोरगं अंगावर येतं. "काय करू, कुणीतरी सांगा," एवढं बोलून त्या थांबल्या. पाच मिनिटांत आम्ही चौघींनी उत्तरं दिली. एकीने लॉक लावायला सांगितलं, एकीने नेट पॅक बंद करायला, एकीने जप वाढवायला, एकीने मुलाला मामाकडे पाठवायला! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना लक्षात आलं की रात्री साडेअकराला चौघीही जाग्या होतो आणि चौघींच्याही हातात फोन होता. म्हणून या वेळचा पाठ मुलांपासून नाही, आपल्यापासून सुरू करतोय.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लोकवस्ती साधारण तीन हजार. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर भरल्या आणि फोन मुलांच्या हातात आला तो तिथेच राहिला. शाळा उघडल्यावर शिक्षक सांगू लागले की मुलं सुस्तावली आहेत, लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा करतात, शाळेच्या आधी आणि नंतर फोनमध्येच असतात. सरपंच विजय मोहिते यांनी एक कल्पना मांडली. संध्याकाळी ७ वाजता गावातल्या मंदिरावरून भोंगा वाजेल. त्यानंतर साडेआठपर्यंत प्रत्येक घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, नाहीतर घरच्यांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा.

सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. मग २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांची ग्रामसभा झाली आणि भोंगा विकत घ्यायचं ठरलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि समजावून सांगू लागले. गावातल्या घरांत मुलांना अभ्यासाची वेगळी खोली नसते, हेही सरपंचांनी तेव्हा सांगितलं होतं. आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. एकाच खोलीत टीव्ही, एकाच खोलीत चूल, तिथेच आजी झोपलेली आणि तिथेच दहावीचं पुस्तक. सामरवरणीत कंपन्यांच्या आसपासच्या चाळींत आपण वेगळं काय बघतो? अशा घरात "तू अभ्यास कर" असं म्हणून वडिलांनी रील बघायला घेतली तर मुलाने कुठे जायचं?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेनेही ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. मुलांच्या काळजीपोटीच झाला असणार. पण दोन ठरावांतला फरक बघा. बान्सीत मुलांनी फोन सोडायचा होता, वडगावात दीड तास सगळ्यांनी. आमचं मत वडगावच्या बाजूने आहे, आणि ते नुसतं वाचून बनलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या ११ घरांनी दिवाळीनंतर हा प्रयोग करून पाहिला. भोंगा कुठून आणणार? एका घरची आरतीची घंटा घेतली. सात वाजता घंटा, सगळे फोन टीव्हीजवळच्या एका डब्यात. कुणाच्या घरी तो डबा चिवड्याचा होता, त्यामुळे फोनला हळदीचा वास यायचा. पहिला आठवडा पार फजितीचा गेला. दोन घरांतले भाऊ दुपारच्या पाळीत, त्यांचा फोन याच वेळात यायचा. मग त्या घरांत साधा बटणांचा फोन बाहेर ठेवला. एका घरचा मुलगा रोज सव्वासातला पोट दुखतंय म्हणून आत जायचा आणि अर्धा तास बाहेर यायचा नाही. आणि सगळ्यात अवघड कोण ठरलं? मुलं नाहीत. साडेसातच्या मालिकेसाठी आज्जींनी असहकार पुकारला. त्यांच्याशी बोलणी करून शेवटी त्या घराने वेळ साडेआठ ते साडेनऊ केली.

दुसऱ्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीने आम्हाला सरळ विचारलं, "काकू, तुमचा रोजचा मेसेज सव्वासातला येतो. मग आईने डबा उघडायचा की नाही?" उत्तर नव्हतं. आपल्या समूहाचा सायंसंदेश कित्येक वर्षं त्याच वेळेला जात होता, आणि तो न वाचणं म्हणजे काहीतरी राहून गेलं असं प्रत्येकीला वाटायचं. त्या दिवसापासून आमच्या समूहाचा संदेश सकाळी सहाला जातो. रात्री नऊनंतर समूहावर काही टाकायचं नाही असंही ठरलं. सेवेची निकड असेल तर फोन करायचा. आजवर दोनदाच करावा लागला.

आता थोडं फोनबद्दल. मुलांना मनोबल नाही असं आपण पटकन म्हणतो. पण ज्यात रील संपली की पुढची आपोआप सुरू होते, ज्यात खाली सरकवत राहिलं तर पान कधी संपतच नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं आहे. पूर्वी पुस्तकाचं पान संपायचं, मालिका अर्ध्या तासाने संपायची, तिथे उठायला जागा मिळायची. ही जागाच काढून टाकली आहे. शिवाय पुढचं काय येईल ते माहीत नसतं. दहा कंटाळवाण्या गोष्टींनंतर अकरावी मजेची येते, आणि तेवढ्यासाठी बोट थांबत नाही. पन्नाशीच्या आमचं थांबत नाही तिथे चौदा वर्षांच्या मुलाचं कसं थांबेल?

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलं आहे की एकदा लक्ष विचलित झालं की अभ्यासात परत मन लागायला विद्यार्थ्याला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे तासाभराच्या अभ्यासात दोनदा टिंग वाजलं तर हाताशी काय उरलं, हिशेब करा. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचे फोन गप्प केलेले. काहींचा समोर टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांनी बुद्धीच्या चाचण्या सगळ्यात चांगल्या सोडवल्या. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, पण डबा घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला पैसे पडत नाहीत.

फोन वाईटच, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवर धडा समजून घेणारी मुलं आपल्याच परिवारात आहेत. प्रथम संस्थेच्या 'असर' २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. म्हणजे अभ्यास होतो, पण फोन ज्या कामासाठी हातात दिला त्याच कामावर थांबत नाही. म्हणून देताना काम ठरवून द्यायचं. "गृहपाठ वहीत उतरवून घे आणि फोन आण" हे दहा मिनिटांचं काम आहे.

आणि इथे शाळेची मदत लागते. त्या ताईंच्या मुलाचा गृहपाठ रात्री पावणेदहाला यायचा! शाळेला दोष देऊन उपयोग नाही, बाईंनाही घर आहे, त्या कामं आवरून पाठवत असतील. पण आपण पालकसभेत गप्प बसतो. त्या ताई आणि आणखी पाच पालक मिळून भेटले आणि दोनच विनंत्या केल्या. गृहपाठ वर्गातच डायरीत लिहून द्यावा, आणि ग्रुपवर टाकायचाच असेल तर संध्याकाळी पाचच्या आत टाकावा. पहिली विनंती पूर्ण मान्य झाली, दुसरी बऱ्यापैकी पाळली जाते. फ्रान्समध्ये २०१८ पासून लहान शाळांत फोन वापरायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याला कायद्याची वाट बघायला नको, सहा पालक पुरे झाले.

कॉलेजच्या मुलांचं वेगळं. सायलीच्या बाजूला कॉलेजला जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा फोन डब्यात टाकता येत नाही, टाकूही नये. त्यांच्या नोट्स, वेळापत्रक, फी भरणं, सगळं त्यातच असतं. त्यांच्याशी बरोबरीने बोलावं लागतं. आमच्यातल्या एकीच्या मुलाने स्वतःहून तीन गोष्टी केल्या. सगळ्या अ‍ॅपचे आवाज बंद, फक्त फोनची रिंग चालू. डिजिटल वेलबीइंगमध्ये रीलच्या अ‍ॅपला दिवसाला ४० मिनिटांची मर्यादा. आणि गजराचं साधं घड्याळ, म्हणजे फोन उशाशी ठेवायचं कारणच उरलं नाही. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. त्यातली निम्मी रात्री एक वाजता उशीखाली जाते. तो म्हणाला, घड्याळाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. त्याच्या आईनेही आता घेतलंय.

आता आमची एक चूक सांगायची आहे. लिहावं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीच्या आईला आम्हीच सल्ला दिला होता, फोन कपाटात ठेवा, किल्ली स्वतःकडे ठेवा. मुलगी तीन आठवडे घरात कुणाशी बोलली नाही. आम्ही म्हणायचो, सवय सुटताना असंच होतं, धीर धरा. नंतर कळलं की वर्गातल्या काही मुलींनी वेगळा ग्रुप करून तिची थट्टा चालवली होती, आणि दुसऱ्या शाळेतली एक मैत्रीण रोज रात्री फोनवर तिला धीर देत होती. आम्ही तो धागाच कापला. ती फोनला का चिकटली आहे हे एकीनेही विचारलं नाही. ते कपाट उघडून आई तिच्याजवळ जाऊन बसली तेव्हा सगळं बाहेर आलं. मुलगी आता ठीक आहे. आमच्याशी मात्र अजून जपूनच बोलते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

तेव्हा फोन मागण्याआधी "काय बघतोयस, दाखव ना" असं म्हणून शेजारी बसायचं, दहा मिनिटं. रागावायला नाही, खरंच बघायला. आणि मूल जेवण सोडत असेल, रात्र-रात्र जागत असेल, बाहेर जाणंच बंद केलं असेल, फोन काढला तर स्वतःला इजा करण्याची भाषा करत असेल, तर ते सवयीच्या पलीकडचं आहे. तिथे आपला सल्ला नको आणि नुसता जपही नको. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट आहे, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठीच वेगळं क्लिनिक आहे. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही.

या पंधरवड्याचा अभ्यास: सात दिवस घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांसकट, रात्री झोपण्याआधी फोन शेवटचा कधी ठेवला ती वेळ एका कागदावर लिहायची. कागद फ्रिजवर किंवा देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावायचा. मुलांचे आकडे आपण लिहायचे नाहीत, त्यांनी आपले लिहायचे. पुढच्या रविवारी सत्संगानंतर ते कागद घेऊन या, तेव्हाच घराघराची डब्याची वेळ ठरवू. ज्यांच्या घरी रात्रपाळी आहे त्यांनी आधी कळवा, त्यांची वेळ वेगळी बसवावी लागेल. कळवताना मात्र नऊच्या आत.

— सामरवरणी परिवार समूहाच्या सेविका