आधी थंडावा, मग ब्रेक, शेवटी ताकद

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि 2016 च्या पुनर्रचनेनंतर निर्मल जिल्ह्यात गेलेले भैंसा हे गाव नांदेड-भोकरकडून निर्मलला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61 वर वसलेले आहे. या परिसरात जुनी मोटार दामटून चालवू पाहणाऱ्याची गाठ दोन गोष्टींशी पडते: मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास चढणारा पारा आणि निर्मलहून आदिलाबादकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील महबूब घाट. प्रस्तुत लेखकाकडील प्रीमियर पद्मिनीच्या अनुभवावरून जे सिद्ध झाले ते असे, की जुन्या गाडीची सुधारणा यशस्वी होते की फसते हे कोणते सुटे भाग बसवले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने बसवले यावर अधिक अवलंबून असते.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेल्या या मोटारीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे 40 अश्वशक्तीची आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. अशा गाडीचा मालक गॅरेजात गेला, की प्रथम इंजिनचे काम काढावे, बोअर करावे, कार्ब्युरेटरचे जेट मोठे करावे असा सल्ला बहुधा मिळतो, आणि उपरोक्त गाडीवरही नेमके तेच काम आधी झाले. परंतु वाढीव ताकदीबरोबर वाढीव उष्णताही निर्माण होते, आणि ती बाहेर टाकणारा रेडिएटर मात्र जुनाच, निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेला, राहिला होता. परिणामी पहिल्याच उन्हाळ्यात चढावर पाणी उकळले आणि हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक व हेड यांच्यामधील सांधा घट्ट राखणारी पातळ पट्टी, जळाली.

म्हणून सुरुवात थंडाव्यापासून करावी. रेडिएटर उतरवून, त्याच्या टाक्या उघडून नळ्या सळईने साफ कराव्यात, होजपाइप व फॅन बेल्ट नवे घालावेत आणि नुसत्या पाण्याऐवजी शिफारशीप्रमाणे कूलंट भरावे. झाकणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; ते आतील दाब राखते आणि दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंशांच्या वर सरकतो, त्यामुळे झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर उत्तम रेडिएटरही उपयोगी पडत नाही. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडील सार्वत्रिक प्रथा मात्र चुकीची आहे, कारण इंजिनला योग्य तापमानावर लवकर आणणारी ही झडप काढल्याने मूळ दोष तसाच राहतो आणि थंडीत इंजिनची झीज तेवढी वाढते.

ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 60 ऐवजी 90 किलोमीटर वेगावरून थांबताना ब्रेकला सव्वादोनपट उष्णता झेलावी लागते. तापलेला ड्रम फुगून ब्रेक शूपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनरची पकड कमी होते, आणि त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका वाढतो. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, पण पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत खाली येऊ शकतो. असे ऑइल उतारावर उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. पुढे गाडी थांबून थंड झाली, की वाफेचे पुन्हा ऑइल होते, पेडल पूर्ववत लागते आणि मिस्त्रीला दोष सापडत नाही. मास्टर सिलिंडरच्या डबीतील ऑइल तपकिरी किंवा गढूळ दिसू लागले असेल, तर ते पूर्ण काढून नवे भरणे आणि चारही व्हील सिलिंडरांचे रबर बदलणे, एवढे काम घाटात उतरण्याआधी झालेच पाहिजे.

शॉकअप, किंगपिन आणि टायर यांचे काम त्यानंतरचे. टायर खोल नक्षीचा दिसला तरी तो किती जुना आहे हे बाजूवरील चार आकडी खुणेवरून, ज्यात आठवडा व वर्ष दिलेले असते, पाहून घ्यावे. देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यापासून जुन्या रबरी पेट्रोल नळ्या मऊ पडण्याचा व गळण्याचा धोकाही लक्षात घ्यावा लागतो. तापलेल्या इंजिनाशेजारी अशी गळती म्हणजे आगीला आमंत्रणच.

ताकद वाढवण्याचा विचार या साऱ्यानंतर. निराळे इंजिन बसवायचे झाल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 आडवे येते, कारण नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करण्यास ते मनाई करते; तेव्हा काम हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. वरील पद्मिनीचे इंजिन पुढे मूळ मापावर आणले गेले, आणि रेडिएटर व ब्रेकची कामे पुरी झाल्यावर तीच गाडी तेवढ्याच ताकदीवर घाट चढून-उतरून येऊ लागली. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी निदान मार्च संपण्यापूर्वी एकदा चारही ड्रम उघडून पाहावेत.