बोटं कोण हलवतं?

शुभांगी,

चंद्रपूरच्या मेडिकल कॉलेजात हाडांची नावं पाठ करताना जीव मेटाकुटीला येतो, असं परवा फोनवर म्हणालीस. २०६ हाडांचं पाठांतर काही चुकणार नाही, ते कर. पण हाड एकटं शिकू नकोस. त्याला कोण ओढतं, ओढणाऱ्याला हुकूम कुठून येतो आणि रक्त कुठून मिळतं, हे प्रत्येक हाडाच्या बाबतीत विचारत जा.

हातापासूनच सुरुवात कर. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग घट्ट धर आणि उजव्या हाताची मूठ मिटून उघड. हालचाल कुठे लागते हाताला? बोटांत हलवणारे स्नायू नसतातच. मोठे स्नायू कोपराखाली, त्यांच्या कंडरा मनगटातून पुढे बोटांपर्यंत गेलेल्या. विहिरीवर दोर ओढणारा काठावर असतो आणि हलते ती बादली, तसं आहे हे. नाजूक कामाचे छोटे स्नायू मात्र तळहातात असतात. आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून वाकवणारा एक तर सरळ करणारा दुसरा लागतो.

नर्सच्या नोकरीत कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात मी खूप पाहिले. शर्टाचं बटण लावायला माणूस बोटं पुढे नेतो, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळाशी मागे ताणलेलं, पुढे आकड्यासारखं वळलेलं. बटण निसटतं. पुन्हा धरतो, पुन्हा निसटतं. हाडं शाबूत असतात, सुरुवातीला सांधेही मोकळे असतात. बिघाड असतो कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे मार बसला की हातभर झिणझिण्या येतात त्या अल्नर नसेत. ती निकामी झाली की तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात, लांब स्नायू ओढतच राहतात आणि तोल जातो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चालत्या स्नायूची कंडरा वळवून लुळ्या स्नायूचं काम तिच्याकडून करून घेतलं. बोटं रोगाने 'झडत' नाहीत, हेही त्यांनीच ठासून सांगितलं. संवेदना गेल्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही; जखमा चिघळत जातात आणि हाड झिजतं. एका रविवारी वरोऱ्याला जा. बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं आनंदवन बघ, तिथे हातमागावर काम करणारे हात बघ. मणक्याच्या दुखण्याने खुद्द बाबांनाही बसता येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशातच १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले.

पावसाळ्यात ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे धानाची रोवणी चालते, तीही बघ. गुडघे ताठ ठेवून बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, सगळा भार कमरेच्या पाच मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या चकत्यांवर. अशा बाईला 'वाकू नका' एवढं सांगून मोकळी होऊ नकोस, वाकल्याशिवाय रोवणी होत नाही. थोड्या थोड्या वेळाने उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकायला सांग. पाय बधिर होतात का, लघवीवर ताबा आहे का, हे न विसरता विचार.

एक गोष्ट मात्र आत्ताच मनात पक्की कर. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत भेटतो. त्यात विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त मिळत नाही आणि ते हाड आतून मरू लागतं. विशी-पंचविशीतला पोरगा लंगडत आला, जांघेत दुखतं म्हणाला, तर आधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचार. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. तेवढ्यावरून 'काही नाही' म्हणून त्याला घरी पाठवू नकोस, एमआरआयसाठी पाठव.

तुझी,
मावशी