खोलीचा घुमार : सुतार व गादीवाल्यांसाठी एक नवे काम

घरातील एखाद्या खोलीत मायक्रोफोन व संगणक मांडून नात, किरअत, तकरीर किंवा जाहिरातींचे निवेदन मुद्रित करणारे तरुण आता लहान गावांतही दिसतात. (वाद्यसंगीताविषयी उलेमांमध्ये जे मतभेद आहेत, तो या पानाचा विषय नव्हे.) महागडा माईक घेऊनही आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो, ही त्यांची नेहमीची तक्रार. दोष बहुधा यंत्राचा नसून खोलीचा असतो, आणि खोली सुधारणे हे सुताराचे व गादीवाल्याचे काम आहे.

या शास्त्राचा पायाच मुळी गाद्यांवर घातला गेला. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात पसरायच्या आणि घुमार किती सेकंदांनी कमी झाला ते घड्याळाने मोजायचे, असा त्याचा क्रम होता. मऊ, सच्छिद्र वस्तूत शिरलेला आवाज तंतूंत घासून विरतो, हे त्याने आकड्यांत मांडले.

आता आपली खोली पाहा. १० फूट अंतरावर समोरासमोर दोन भिंती असतील तर सुमारे ५६ हर्ट्‌झ आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११२ हर्ट्‌झचा स्वर तेथे फुगतो. हा दुसरा स्वर पुरुषी आवाजाच्या पट्ट्यातच येतो. लांबी, रुंदी व उंची तिन्ही १० फूट असतील तर तिन्ही दोष एकाच स्वरावर पडतात. म्हणून निवड शक्य असेल तर चौकोनी खोली टाळावी.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा अर्धा इंची फोम चिकटवणे ही पैशाची नासाडी होय. त्याने फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज दबतो आणि जाड घुमार तसाच राहतो. शिवाय दोन्ही वस्तू भराभर पेटतात, आणि साध्या फोमचा धूर विषारी असतो. विजेच्या तारांनी भरलेल्या बंद खोलीत हा धोका का पत्करावा?

त्याऐवजी ४ फूट बाय २ फूट मापाची, ४ इंच खोल लाकडी चौकट करावी. तिच्यात दर घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे ५० मिलिमीटर जाडीचे दोन थर बसवावेत. एका फलकात साडेतीन किलोच्या आसपास लोकर जाते, तेव्हा छताचे हुक त्या हिशेबाने घ्यावेत. कापताना हातमोजे व तोंडाला मास्क हवाच. पाठीला प्लायवूड न ठोकता पातळ कापड लावावे व भिंतीपासून २ ते ४ इंच पोकळी सोडावी. त्या पोकळीने फलक आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतो. वरचे कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारावी. हवा पार गेली तर कापड चालेल. रेक्झिन दिसायला छान, पण आवाज त्यावरून परत फिरतो.

जागा ठरवण्यास आरसा पुरे. गिऱ्हाईक ऐकायला बसते तेथे त्याला बसवून दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. ज्या ठिकाणी त्याला आरशात स्पीकर दिसेल तेथे फलक लावावा. चारही कोपऱ्यांत तिरके फलक उभे करावेत, कारण जाड घुमार कोपऱ्यांत साठतो. केवळ निवेदन मुद्रित करायचे असेल तर बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत आधी झाकावी, कारण माईकचे तोंड तिकडेच असते.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला दर सांगतानाच स्पष्ट करावी. हे फलक खोलीतला घुमार कमी करतात. रस्त्यावरचा भोंगा आत येणे किंवा आतला आवाज शेजारी जाणे ते थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंत, भरीव दार आणि फटींना रबराची पट्टी लागते, आणि तो खर्च निराळा. ‘साउंडप्रूफ करून देतो’ असे म्हणून फलक विकणारे बाजारात आहेत. मालाची उणीव सांगून माल विकावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण येथे धंद्यालाही उपयोगी पडते, कारण स्टुडिओवाले एकमेकांना विचारूनच कारागीर बोलावतात.

काम सुरू करण्यापूर्वी खोलीच्या मध्यावर उभे राहून टाळी वाजवावी व ती मोबाईलवर मुद्रित करावी. फलक बसल्यावर त्याच जागी पुन्हा टाळी वाजवून दोन्ही आवाज गिऱ्हाइकाला ऐकवावेत, आणि मगच बिल हाती द्यावे.