शेतकरी मंडळाची घटना दरवर्षी तपासा

सेवाभावाने चालणाऱ्या मंडळाचा सारा भार बहुधा एक-दोघांवरच पडतो. ते थकले की मंडळ बंद पडते. म्हणून ३१ मार्चचा हिशेब पूर्ण झाल्यावर वार्षिक सभेत घटना वाचावी व पुढील बाबी तपासाव्यात :

१) पदाधिकाऱ्यांची मुदत संपली आहे काय?
२) बँकेतून पैसे काढण्यास दोघांच्या सह्या लागतात काय?
३) हिशेब लिहिणारा व तपासणारा वेगळा आहे काय?
४) सभेची गणपूर्ती होऊन इतिवृत्त लिहिले जाते काय?

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या मंडळाने, विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. अन्यथा दप्तरी जुनीच नावे राहतात व नव्यांच्या अधिकारावर वाद उद्भवतो.