माहेरचे बाळंतपण आणि अडलेला हप्ता

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ या कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचे मातृत्व साहाय्य आणि सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार, असे दोन हक्क दिले. परंतु रोख साहाय्यासाठी २०१७ मध्ये आलेली प्रधानमंत्री मातृ वंदना योजना पहिल्या अपत्यापुरती आणि ५,००० रुपयांपुरतीच राहिली, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद त्यानंतर काही वर्षांनी झाली. कायद्याच्या शब्दापेक्षा योजनेचा हात आखडता राहिला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

नांदुरा तालुक्यात, जेथे अनेक घरे कापूस-सोयाबीनच्या मजुरीवर चालतात, ही तुटपुंजी रक्कमही अडते, आणि तीही बहुधा पात्रतेपाशी नव्हे तर नोंदीपाशी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने गर्भारपणाची नोंद सासरच्या अंगणवाडीत, प्रसूती मोताळा किंवा मलकापूरकडे आणि लसी माहेरच्या उपकेंद्रात, अशी एकाच बाळाची माहिती तीन ठिकाणी विखुरते; आणि पहिल्या अपत्यासाठीचा २,००० रुपयांचा दुसरा हप्ता तर जन्मनोंद व चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावरच मिळतो. म्हणून तपासण्या व लसींच्या तारखा ज्यावर लिहिल्या जातात ते माता व बाल संरक्षण कार्ड डोहाळजेवणानंतर माहेरी निघणाऱ्या सुनेच्या पिशवीत असलेच पाहिजे, प्रत्येक लस त्याच कार्डावर चढवून घ्यावी, आणि जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, जेथे प्रसूती झाली तेथेच करावी.

याहून फसवी अडचण बँकेची आहे. थेट लाभ हस्तांतरणात, म्हणजे शासनाने रक्कम परस्पर खात्यात जमा करण्याच्या पद्धतीत, आधार क्रमांकाशी शेवटचे जोडलेले खाते ग्राह्य धरले जाते, मग अर्जासोबत पासबुक कोणतेही असो. त्यामुळे लग्नापूर्वी शिष्यवृत्तीसाठी उघडलेले व नंतर बंद पडलेले खाते आधाराशी जोडलेले राहिले, तर मंजूर रक्कमही हाती येत नाही. अर्जापूर्वीच बँकेत जाऊन कोणते खाते जोडलेले आहे ते विचारावे आणि आधारावरील माहेरचे नाव बँकेतील नावाशी जुळते का ते पाहावे. हा खटाटोप बाळंतिणीच्या अंगावर टाकला जातो, हे मात्र व्यवस्थेचेच उणेपण आहे.

दुसरा हक्क, म्हणजे बालकाचा आहार, अडू नये म्हणून कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेला सांगावे, कारण पोषण ट्रॅकर या संगणकीय नोंदवहीतून बालकाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते आणि आहाराचा हक्क गाव बदलल्याने संपत नाही.